मिस ओझेलाच्या पायातलं डाइम

१४ ऑक्टोबर १९७९, रविवार

काळं पडलं! मिस ओझेलाच्या पायातलं डाइम काळं पडलं, आणि दुपारपर्यंत सगळ्या चर्चला ठाऊक झालं की ते कोणामुळे पडलं — माझ्यामुळे.

सकाळी सासूबाई मोजे चढवत होत्या; त्यांना सगळं गाव मिस ओझेला म्हणतं, मीही. एकदम ओरडल्या. मी स्वयंपाकघरातून धावत गेले, वाटलं पडल्या. तर घोट्याला बांधलेलं ते दहा सेंटचं नाणं दोन बोटांत धरून बसलेल्या, आणि बघत होत्या माझ्याकडे. नाण्याकडे नाही, माझ्याकडे!

"कोणीतरी माझ्यावर काहीतरी चालवलंय," म्हणाल्या. "चांदी खोटं बोलत नाही."

माझ्या आजीच्या पायातही असंच भोक पाडलेलं डाइम होतं. या भागातल्या कुठल्या म्हातारीच्या पायात नाही? कोणी अन्नात काही कालवलं, पायरीखाली काही पुरलं, तर आधी चांदी काळी पडते आणि बाई सावध होते. पण माझी आजी बेसेमरची, झाडपाल्याची औषधं देणारी. औषधं देणारी बाई दुसरंही काही देत असणार, असा लोकांचा हिशेब. लग्नाच्या दिवशीच मिस ओझेलांनी मला विचारलं होतं, "आजीनं तुला काय काय शिकवलं?" मी म्हटलं होतं, "शिवण." तेव्हापासून या बाईच्या मनात माझ्याबद्दल संशय आहे तो आहे.

डाइम माझ्या नवऱ्याच्या, लूशसच्या वडिलांनी बांधलेलं. सेहेचाळीस सालचं, लूशसच्या जन्माचं. ते कोळशाच्या खाणीत गेले ते वर आले नाहीत, डाइम राहिलं.

१६ ऑक्टोबर

माझ्या हातचं खात नाहीत. स्वतःच्या खोलीतल्या, धुराडं असलेल्या कोळशाच्या शेगडीवर मक्याच्या कण्या शिजवून घेतात. खोलीत इतकं गरम की भिंतीला घाम सुटतो. खरी थंडी अजून पडायची आहे, पण यांची शेगडी या महिन्याच्या सुरुवातीलाच पेटली, खिडकीच्या फटींत चिंध्याही कोंबून झाल्या.

२० ऑक्टोबर, शनिवार

लूशसशी भांडण. तो भांडतही नाही धड, टोपी फिरवत बसतो.

"आई क्लीव्हलंडला जायचं म्हणतेय. आर्लीनकडे."

"जाऊ दे की. लेकीकडे जायचंय, कोण अडवतंय?"

"भेटायला नाही. कायमची."

"मग मी काय करू? पाया पडू?"

"व्हर्डेल, ती या घरातून घाबरून गेली तर मी इथे राहणार नाही. आपल्या नेटीला घेऊन तिच्याबरोबर जाईन. तिकडे कारखान्यात काम मिळतं."

मी विचारलं, "आणि मी?" तो म्हणाला, "तू ठरव, तू काय केलंयस ते." लग्नाला दहा वर्षं झाली. हा माणूस मला विचारतो की मी त्याच्या आईच्या जेवणात काय घातलं! मी ताटली आदळली. फुटली नाही, तेही नशिबात नाही.

२८ ऑक्टोबर

चर्चमध्ये सिस्टर इथलीन माझ्या शेजारून उठून पुढच्या बाकावर गेली. म्हणे तिथे ऐकू नीट येतं.

१ नोव्हेंबर

आज एक उद्योग केला. मिस ओझेला हल्ली खुर्चीत बसल्या बसल्या गाढ झोपतात, हाक मारली तरी उठत नाहीत. उठल्या की डोकं धरतात. "कपाळावर कोणी वीट ठेवल्यासारखं वाटतं," असं नेटीला सांगत होत्या — मला नाही सांगत. तर त्या झोपल्या असताना मी ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन डाइम घासलं. लखलखीत झालं. उठल्यावर त्यांनी पाहिलं, आणि कॉफी घेतली माझ्या हातची! अर्धा कप.

४ नोव्हेंबर, रविवार

परत काळं. कॉफी मोरीत ओतली माझ्यादेखत.

५ नोव्हेंबर

सापडलं! गंधक! औषधाच्या दुकानात कामाला असलेल्या मुलीला मी सहज विचारलं, चांदी कशानं काळी पडते. ती म्हणाली, गंधकानं. अंड्यातलं, मलमातलं, कसलंही. आणि मिस ओझेला गुडघ्यापासून टाचेपर्यंत जे पिवळं मलम चोपडतात ते काय आहे? डब्यावर लिहिलंय — गंधकाचं मलम!

घरी नाचतच आले. लूशसच्या हातात डबा दिला. त्यानं वाचलं, परत दिला.

"हे मलम ती मी नेटीएवढा असल्यापासून लावते," म्हणाला. "मग इतकी वर्षं का नाही पडलं काळं?"

मला इतका राग आला! माणूस पुरावा हातात दिला तरी मानत नाही. मी म्हटलं, मलमवाले काय तेच तेच घालतात का वर्षानुवर्षं, बदलत असतील काहीतरी. आणि डबा उचलून कचऱ्यात टाकला. कापराचं नवीन मलम घेऊन आलेय. डाइम पुन्हा घासलं.

१२ नोव्हेंबर

चांदीचा भाव चढतोय, आणि मिस्टर किंब्रेलच्या दुकानात चांदीचं वेड शिरलंय. मी गल्ल्यावर बसते, पण आता गल्ल्याला हात लावायचा तर त्यांची परवानगी! रोज बंद करायच्या आधी सगळी नाणी काउंटरवर ओतून घेतात आणि निवडत बसतात, जशी मी चवळी निवडते.

"ये, बघ," म्हणाले. "साल बघायचं. चौसष्टपर्यंतचं डाइम, क्वार्टर — चांदी. शंभरात नव्वद भाग. पासष्टपासून आत तांबं आणि वरून निकेल. सरकारनं सगळ्यांना गंडवलं, कोणी काही बोललं नाही."

"आणि साल झिजलं असेल तर?"

"कड बघ." एक नाणं उभं धरलं. कडेला तांबडी रेघ. दुसरं धरलं, कड सगळी पांढरी. "आणि हे ऐक." दोन्ही काउंटरवर टाकली. एक किणकिणत राहिलं, दुसरं टक्कन पडून गप्प. अर्ध्या डॉलरच्या नाण्यात सत्तरपर्यंत थोडी थोडी चांदी असते म्हणाले, आणि लढाईच्या वर्षांतल्या पाच सेंटच्या नाण्यातही, मागच्या बाजूला कोरलेल्या इमारतीवर मोठं अक्षर असेल तर. मला सगळं पाठ झालंय. माझ्या डोक्याला कसलंही काम चालतं, घरचं सोडून.

"नवीन नाणं काळं पडतं का?" मी विचारलं.

"चांदीसारखं नाही. मळतं, एवढंच. चांदी नाजूक, पोरी. तिला सगळं लागतं."

१४ नोव्हेंबर

परत काळं पडलं. मलम बदलून! मी पहाटे उठून बघायला गेले म्हणून मला आधी दिसलं. घासून टाकलं. जुनं मलम दोऱ्यात मुरलं असेल. किंवा कातड्यात. इतकी वर्षं चोपडलंय, एका आठवड्यात कसं निघेल?

१७ नोव्हेंबर, शनिवार

आर्लीनचा फोन. बसचं तिकीट काढलंय आईचं, थँक्सगिव्हिंग झालं की. माझ्याशी बोलली. "मी तुला काही म्हणत नाही व्हर्डेल, पण आईला तिथे बरं वाटत नाही. तिचं डोकं सारखं दुखतं. इथे डॉक्टरला दाखवते." गोड बोलते आर्लीन. सगळं गाव गोड बोलतंय.

लूशसनं नेटीच्या शाळेचं विचारलं, म्हणे वर्षाच्या मध्ये शाळा बदलली तर चालतं का. मला नाही, नेटीला विचारलं! पोर माझ्याकडे बघत राहिली.

२० नोव्हेंबर, मंगळवार

केलं.

गल्ल्यातून एक डाइम बदलून घेतलं, पासष्टचं, चांगलं झिजलेलं. चित्र तेच, मुंडकं तेच, आकार तोच. लूशसच्या हत्यारांतला खिळा घेतला आणि मागच्या अंगणात दगडावर ठेवून भोक पाडलं. भोकाच्या कडेला तांबं दिसायला लागलं. नखानं राख घासली त्यावर, मग जरा मळकट झालं.

मिस ओझेलांना म्हटलं, तुमचा दोरा कुजलाय, नखं कापते आणि नवीन दोरा बांधून देते. नको म्हणतील वाटलं होतं. पण पाय पुढे केला. सारखी झोप येत होती त्यांना, भांडायला त्राण नव्हतं. मी जुना दोरा कापला, डाइम एप्रनच्या खिशात, खिशातलं दुसरं दोऱ्यात ओवलं. त्यांनी हात पुढे केला. तळहातावर घेतलं. डोळ्यांत मोतीबिंदू, साल वाचता येत नाही, पण हात काय आंधळा आहे? 

"हलकं वाटतंय."

"इतक्या वर्षांचा मळ काढलाय मिस ओझेला. हलकं नाही वाटणार?"

अंगठ्यानं नाणं चोळलं. मग म्हणाल्या, "बांध. घट्ट बांधू नकोस."

मी काही पाप केलेलं नाही. मलमानं काळं पडलेल्या नाण्यावरून माझं घर मोडणार होतं. मी फक्त घर न मोडणारं नाणं आणलं.

२२ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

रताळ्याची गोड पाई केली. मिस ओझेलांनी जेवणाआधी सगळ्यांसमोर मोजा खाली केला, नेटीला म्हणाल्या, "बघ गं, तुझे डोळे चांगले. कसं आहे?" नेटी वाकली. "पांढरं आहे आजी." लूशसनंही खाली वाकून बघितलं. मग मिस ओझेलांनी पाई मागितली. दुसरा तुकडाही मागितला!

तिकीट ख्रिसमसपर्यंत पुढे ढकललंय.

२ डिसेंबर

पांढरं.

९ डिसेंबर, रविवार

पांढरंच. सिस्टर इथलीन परत माझ्या शेजारी बसायला लागली. म्हणे पुढच्या बाकावर वारा लागतो.

मी सगळ्यांना सांगते, गंधकाचं मलम होतं, बदललं आणि थांबलं. सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलंय. असेलही खरं. जुनं डाइम बांधलं असतं तर आता तेही पांढरं राहिलं असतं कदाचित. पण बांधून बघायची हिंमत नाही.

१५ डिसेंबर

नेटी आजीच्या पायाशी खेळत होती. "आई, याची कड तांबडी का आहे?" मी स्वयंपाकघरातून ओरडले, "साबण लागलाय, सोड तो पाय!" साबण तांबडा असतो का कधी? पण मिस ओझेला हसल्या आणि म्हणाल्या, "तुझी आई मला फार घासते हल्ली."

२४ डिसेंबर

जात नाहीत! क्लीव्हलंडला जात नाहीत! स्वतः फोन केला आर्लीनला, मी पलीकडे उभी होते. "नाही गं, इथे मला काही होत नाही. डाइम बर्फासारखं पांढरं आहे. डोकं? डोकं दुखतं ते वयानं. माझ्या वयात दुखायचंच. डॉक्टरला काय दाखवायचं त्यात?"

लूशसनं मला मागून मिठी मारली, सगळ्यांसमोर. किती महिन्यांनी! मी रडले, कांदा चिरत होते म्हणून कोणाला कळलं नाही.

१ जानेवारी १९८०

चवळी, कोलार्डची पालेभाजी, डुकराचा गाल. वर्षाचं पहिलं ताट मिस ओझेलांनी माझ्या हातून घेतलं. मग मला खोलीत बोलावलं आणि केसांना तेल लावून वेण्या घालायला सांगितलं. आजवर हे काम आर्लीनचं, ती नसली की सिस्टर इथलीनचं. शेगडीजवळ बसून घातल्या. गरमीनं माझंही डोकं ठणकायला लागलं. बाहेर आल्यावर बरं वाटलं.

त्यांचे हात पूर्वी असे थरथरत नव्हते. डाइम पांढरं आहे, म्हणजे वयच. त्या म्हणतात तसं.

१३ जानेवारी, रविवार

पाय धुण्याचा रविवार. आमच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा असतो. पुरुष पुरुषांचे धुतात, बायका बायकांचे, ज्याच्याशी मन साफ करायचंय त्याच्यासमोर बसायचं. मिस ओझेला सिस्टर इथलीनचा हात धरून चालत आल्या आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

मी गुडघ्यांवर बसले. पातेल्यातलं पाणी कोमट. मोजा काढला. घोट्याला ते. सगळ्या म्हाताऱ्या माना उंच करून बघत होत्या, पांढरं आहे की काळं. पांढरं होतं. मी पाणी घातलं, आणि अंगठा नाण्याच्या कडेवर दाबून ठेवला, तांबडी रेघ दिसू नये म्हणून. पूर्ण वेळ एका हातानंच धुतलं.

मिस ओझेला मोठ्यानं म्हणाल्या, "मी या पोरीबद्दल वाईट बोलले. मलम मी लावत होते आणि दोष हिला दिला. देवानं मला माफ करावं." आणि मग खाली वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं — "तूही कर."

मग त्या माझे पाय धुवायला बसल्या. त्यांना बसता येत नव्हतं, दोघींनी धरून बसवलं. त्यांचं डोकं माझ्या गुडघ्यावर टेकलं. मला वाटलं सांगून टाकावं. तोंडही उघडलं होतं. पण बायका गायला लागल्या.

किती चांगल्या आहेत त्या! मला हे आधी का दिसलं नाही?

१९ जानेवारी, शनिवार

चांदीचा भाव आभाळाला. हायवेवरच्या मोटेलमध्ये माणसं उतरली आहेत, वजनकाटा घेऊन बसली आहेत, बाहेर रांग. लोक आजीचे चमचे, बापाचं घड्याळ घेऊन उभे. सगळं वितळवणार म्हणे. मिस्टर किंब्रेल पोतं भरून निघाले होते.

नेटीनं काल माझा बटणांचा डबा उचकला होता. जुनं डाइम तळाशी होतं. तिला सापडलं नाही, पण उद्या सापडेल. मिस्टर किंब्रेल पोत्याचं तोंड बांधत होते, मी म्हटलं, हे एक राहिलं. त्यांनी बघितलं. "सेहेचाळीस. भोक पाडलंय कोणीतरी." म्हटलं, "हो." पोत्यात टाकलं. किणकिणलं.

२७ जानेवारी

मिस ओझेला चर्चला आल्या नाहीत. उठवत नाही म्हणाल्या. मी सूप पाजलं.

३ फेब्रुवारी, रविवार

मिस ओझेला गेल्या.

सकाळी मी कॉफी घेऊन गेले. पाणी बर्फ झालं होतं रात्री, शेगडी भरभरून पेटवली होती त्यांनी. गाल गुलाबी होते, मला वाटलं बरं वाटतंय यांना. हात लावला तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाला, हृदय. वय झालं होतं. झोपेत गेल्या, असं मरण सगळ्यांना येवो.

६ फेब्रुवारी

पुरलं. अंत्यविधी करणाऱ्या अंडरटेकरनं विचारलं, पायातलं काढू का? लूशस म्हणाला, "हात लावू नका. वडिलांनी बांधलंय."  पासष्टचं डाइम घालून गेल्या त्या माझ्या नवऱ्याच्या वडिलांकडे. मला फार लाज वाटली, आणि मग जेवण वाढायला गेले, कारण सगळं चर्च आलं होतं.

आर्लीन माझ्या गळ्यात पडली. "तू होतीस म्हणून तिचे शेवटचे दिवस सुखात गेले."

१० फेब्रुवारी

लूशस पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले. म्हणाला, "मी तुला सोडून जाणार होतो." म्हटलं, माहीत आहे. "आईनं माझ्यादेखत तुझी माफी मागितली, मी नाही मागितली अजून." मी म्हटलं, नको मागूस. खरंच नको आहे. घर राहिलं, तो राहिला, पोर राहिली.

मिस ओझेलांची आठवण येते. वेण्या घालायला हात शिवशिवतात.

१७ फेब्रुवारी

नेटीला आजीची खोली दिली. घरातली सगळ्यात ऊबदार खोली, आणि तिला हवीच होती. आजीच्या पलंगावर उड्या मारल्या. लूशस हसला, पहिल्यांदा.

२६ फेब्रुवारी

नेटी शाळेतून लवकर आली. डोकं दुखतंय म्हणे. अभ्यास चुकवायची नवीन युक्ती. गोळी दिली.

२ मार्च, रविवार

बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलमधून लिहितेय. 

सकाळी नेटीला उठवायला गेले. उठेना. गाल गुलाबी! मी इतकी किंचाळले की शेजारचे आले. लूशसनं उचलून बाहेर बर्फात नेली, तिथे तिला उलटी झाली, आणि ती रडली. देवा, रडली!

डॉक्टर तरुण आहे. म्हणाला, विषारी धूर अंगात भिनलाय, गाल त्यानंच असे गुलाबी. घरात काय जाळता? नळीनं हवा देताहेत. आता डोळे उघडते, पाणी मागते. वाचली म्हणतो.

५ मार्च, बुधवार

नेटी घरी आली. आमच्या खोलीत झोपवलंय, खिडकी उघडी ठेवून.

ब्रदर टॉलिव्हरनं शेगडी उतरवली. तो चर्चमधला, शेगड्या-धुराड्यांचं काम करतो. पाइप भिंतीत शिरतो तिथे फाटलेला. वर धुराड्यात विटा ढासळून अडकलेल्या. हात घातला तर कोपरापर्यंत काजळी.

"हे आजचं नाही," म्हणाला. "वीट कधी पडली कोण जाणे, पण धूर बरेच दिवस आतच येतोय."

लूशस म्हणाला, "मग वास कसा नाही आला?"

"या गावात कोळशाचा वास कोणाला येतो लूशस? तुझ्या शर्टाला येतो, माझ्या पावाला येतो. माझ्या आईच्या वेळी बायका चांदीवरून ओळखायच्या. कोळशाच्या धुरात गंधक असतं ना. खोलीतला चमचा काळा पडला की म्हणायच्या, जा, आधी पाइप बघ. आता चांदी राहिलीये कोणाच्या घरात? सगळी मोटेलवर गेली."

मी कॉफी देत होते. कप खाली ठेवला आणि अंगणात गेले. डाइमला भोक पाडलं होतं त्या दगडापाशी उभी राहिले. मलम बदलल्यावरही काळं पडलं होतं. मी बघितलं होतं. मीच बघितलं होतं, पहाटे उठून, आणि घासून टाकलं. मिस ओझेला क्लीव्हलंडला जायला निघाल्या होत्या. तिकीट काढलेलं होतं.

६ मार्च

लूशस कामावर निघाला. दारात थांबला, टोपी फिरवत. चेहरा किती दिवसांनी मोकळा होता.

"मी सगळा विचार केला," म्हणाला. "आईच्या वेळी धूर नव्हता. ऑक्टोबरात काळं पडलं ते त्या मलमानं, तुझंच खरं होतं. नंतर शेवटच्या दिवसापर्यंत तिचं डाइम पांढरं होतं, मी स्वतः बघितलंय. धूर असता तर चांदीला कळलं असतं. म्हणजे वीट नंतर पडली. आई तिच्या वेळेनंच गेली. हो ना, व्हर्डेल?"

मी म्हटलं, "हो."